विमानाचे मालक वाडीत गेलेत

तुमच्यापैकी ज्यांच्या दारात स्वतःचं विमान उभं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. दुसऱ्याच्या दारात काय चाललंय ते बघायची हौस नाहीतरी सगळ्यांनाच असते. प्रश्न एवढाच आहे, की दिल्लीहून विमान खात्याची प्रश्नपत्रिका आली तर तिला उत्तर द्यावं का. माझं मत मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर म्हणाल, चौथी शिकलेली बाई, हिला काय कळतंय.

आमचं विमान खरं आहे. हे मला दर वेळी पहिल्यांदा सांगावं लागतं. उमेळ्याला आमच्या वाडीत, केळी आणि सोनचाफ्याच्या मधे पत्र्याची शेड आहे, तिच्यात ते असतं. दोन माणसं बसतील एवढं. आमचे हे, म्हणजे गुरुदत्त सावे, जुहूच्या विमान शिकवायच्या एका क्लबात मेकॅनिक होते. क्लब बंद पडला तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, कपाटं नेली, कुणी भिंतीवरचं घड्याळ नेलं. यांनी विमान आणलं. चिंचोटीवरून ट्रक आला, त्यात धड वेगळं आणि पंख वेगळे. मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होते, पण तो विमानावरून ओवाळायचा की यांच्यावरून ते मला सुचेना. शेवटी ट्रकच्या ड्रायव्हरवरून ओवाळला, कारण त्या तिघांत तोच जास्त घाबरलेला होता.

इथून ते कधी उडालं नाही. उडणार कुठून? पुढे केळी, मागे फ्रेडरिकचं घर. पण कागद यांच्या नावाचे होते, आणि त्यावर ‘मालक’ असा शब्द होता. दर रविवारी ते विमान पुसायचे. माझी भांड्यांची मांडणी पुसायला सांगितली असती तर कंबर धरली असती.

तीन वर्षांपूर्वी हे गेले.

माणूस गेल्यावर त्याचं नाव कापायला सगळी खाती किती तत्पर असतात, ते मी तेव्हा बघितलं. हयातीत यांच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करायला आम्ही दोन वर्षं खेटे घातले होते. गेल्यावर सहा महिन्यांत रेशनकार्ड, लाइटचं बिल, मतदारयादी, गॅस, सगळीकडून नाव गेलं. घरात त्यांच्या नावाने यायचं असं एकच पाकीट उरलं. होळी झाली की दिल्लीहून रजिस्टरने येतं. वर लिहिलेलं असतं, श्री. गुरुदत्त नारायण सावे, विमान मालक. हे होते तोवर खोलीचं दार लावून, शाईच्या पेनाने उत्तर लिहायचे आणि मला दाखवायचे नाहीत. ते गेल्यावर मी दोन वर्षं पाकीट तसंच पेटीत ठेवलं. पोस्टमन दर वेळी नवीन असतो. तो विचारतो, सावे आहेत का. मी म्हणते, वाडीत गेलेत, आणि सही करते. ह्यात खोटं काय आहे? ते घरात नसले की वाडीतच असायचे.

गेल्या वर्षी पाकीट आलं तेव्हा नेमके सुधाकरराव दारात होते. आमच्या कुंपणाला लागून जी सात मजली बिल्डिंग झाली तिचे ते सेक्रेटरी. ज्या वाडीची झाडं तोडून बिल्डिंग बांधली, तिचंच नाव बिल्डिंगला दिलंय. सुधाकरराव सरकारी कचेरीतून रिटायर झालेत, आणि आता बिल्डिंगच्या लोकांना नोटिसा काढून दिवस काढतात. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असून मला काकू म्हणतात, ते एक वेळ मी सोडून देते. शेडीत डास होतात ही त्यांची तक्रार होती. पाकीट त्यांनी माझ्या हातातून घेतलं, वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “काकू, हे खऱ्या विमानवाल्यांसाठी असतं. तुमचं ते भंगार आहे.”

मी त्यांना चहा दिला. रागावले की मी आधी चहा देते, म्हणजे माणूस उठून जाऊ शकत नाही. मग सांगितलं, की भंगारवाल्याला दिल्लीहून ‘श्री.’ लावून पत्र येत नाही, आणि ह्या वर्षी मी उत्तर देणार आहे. सरकारच लिहून देईल विमान आहे की भंगार. ते लिहिलेलं मी तुमच्या बिल्डिंगच्या नोटीसबोर्डावर लावीन. चहा अर्धाच टाकून ते गेले.

फ्रेडरिकने मला अडवायचा प्रयत्न केला. फ्रेडरिक आमचा मागचा शेजारी, यांच्याबरोबर तीस वर्षं ते विमान पुसलेला माणूस. चर्चमधून आला की आधी आमच्या शेडीत डोकावायचा, मग घरी जायचा. त्याची बायको रेजिना म्हणायची की पाद्र्याला ह्याच्याकडून जेवढं ऐकायला मिळत नाही तेवढं त्या इंजिनाला मिळतं. फ्रेडरिक म्हणाला, सरकारला उत्तर दिलं की सरकार घरी येतं. त्याच्या भावाने एकदा झाडांच्या मोजणीचा कागद खरा भरला, तर पुढची चार वर्षं दर पावसाळ्यात कुणीतरी येऊन त्याची झाडं मोजून जायचं. मग खाली बघत म्हणाला, “वैनी, इंजिनाचं काय लिहिशील?”

मी म्हटलं, चालू लिहीन. दर दसऱ्याला चालू करतोस ना तू?

तो उठला आणि आपल्या घरी गेला.

हे सांगायला हवं. दसऱ्याला आम्ही वाडीतली सगळी अवजारं पुजतो. कोयते, पहारी, फवारणीचा पंप आणि शेवटी विमान. हे होते तेव्हा विमानाला पुढचा लाकडी पंखा लावून मिनिटभर इंजिन चालवायचे, आणि सोनचाफ्याची पानं फ्रेडरिकच्या अंगणापर्यंत उडायची. ते गेल्यावर फ्रेडरिक म्हणाला, पंखा नको लावायला, कुणाचं डोकं उडेल. तेव्हापासून पंखा आमच्या हॉलमधे भिंतीवर आहे. दसऱ्याला फ्रेडरिक एकटा शेडीत जातो, मी बाहेर आरतीचं ताट घेऊन उभी राहते, कारण आतला धूर मला सोसत नाही. मिनिटभर आवाज होतो. मी हात जोडते.

रविवारी सुनेला घेऊन मी उत्तर लिहायला बसले. विनिता मुंबईला बँकेत आहे. सुजय, माझा मुलगा, बोटीवर असतो, म्हणून घरातली सगळी लिहिण्याची कामं तिच्यावर. बिचारी आठवडाभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासते आणि रविवारी माझे भरते. प्रश्न इंग्रजीत होते. ती वाचून सांगायची, मी उत्तर द्यायची.

पहिलाच प्रश्न मालकाचा होता. त्याच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. विनिता ते वाचता वाचता थांबली. म्हणाली, “आई, मालक हयात नसतील तर वारसाने कळवायचंय.”

“तो रकाना मोकळा सोड.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि सोडला. शहाणी आहे. तिच्या तोंडावर मी असं कधी म्हणत नाही.

पुढचे प्रश्न सोपे होते. विमानाचा वापर कशासाठी, स्वतःसाठी, शिकवण्यासाठी, धंद्यासाठी की शेतीसाठी. मी म्हटलं, शेतीसाठी. विनिता म्हणाली, कसं काय? आता हिला घरात येऊन नऊ वर्षं झाली, आणि सुकेळी हिने काय थोडी खाल्लीत? राजेळी केळी पिकली की सोलून आठ-आठ दिवस उन्हात घालावी लागतात, तेव्हा कुठे सुकेळी होतात. त्याला चटईपेक्षा पत्रा चांगला, आणि पत्र्यापेक्षा विमानाचा पंख चांगला. उतार बरोबर आहे, तापतो सगळीकडे सारखा. हे दर चैत्रात पंख बाहेर काढून गाद्यांसारखे त्यांना ऊन द्यायचे, बांबूच्या घोडीवर ठेवून. एक वर्ष मी त्या पंखांवर पांढरं धोतर पसरून केळी घातली. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चार सुकेळी खाल्ली आणि पुन्हा बोलले नाहीत, पण ते वेगळं न बोलणं होतं. तेव्हापासून पंख शेतीसाठीच आहेत. विनिताने शेतीवर खूण केली.

माल किती वाहून नेता? मी म्हटलं, एका पंखावर वीस किलो, दोन्ही धरून चाळीस. गेल्या वर्षात काही अपघात? मी म्हटलं, शेडीच्या पत्र्यातून शेपटावर नारळ पडला. विनिता म्हणाली, आई, हे कशाला. पण विचारलंय तर लिहायला नको? कोणत्या उंचीवर, असं पुढे होतं. माड वीस फुटांचा आहे. तिने वीस फूट लिहिलं. इंजिन चालू आहे का? मी म्हटलं, चालू. कधी चालवलं? दसऱ्याला.

सगळं खरं लिहिलं होतं. ह्याच्यात एक अक्षर खोटं आहे असं कुणी म्हणू शकणार नाही, तो इंजिनाचा एक शब्द सोडून. त्याचं पुढे सांगते.

पण दिल्लीतल्या माणसाने सुकेळी पाहिलेली नसतात. त्याने आमचं उत्तर वाचलं, आणि त्याला काय दिसलं असेल? उमेळे नावाच्या गावात एक विमान आहे, ते शेतांवरून वीस फुटांवर उडतं, चाळीस किलो माल नेतं, वाटेत नारळाच्या झाडाला आपटतं आणि ह्याची कुणाला परवानगी विचारत नाही.

महिन्याभरात आधी एक पत्र आलं, नारळ लागला तेव्हा वैमानिक शुद्धीत होता का. मग दुसरं, शेतावर काय फवारता. मग तलाठी आले, हातात सातबारा घेऊन. त्यांना वरून हुकूम होता की धावपट्टी मोजा. भला माणूस, पण कामाला एकदम पक्का. भर दुपारी टोपी घालून साऱ्या वाडीत फिरला, पाटाच्या कडेने, केळीच्या दोन रांगांमधून, आणि शेवटी लिहून गेला, “धावपट्टी आढळली नाही. केळी आढळली.” जाताना अर्धा डझन घेऊनही गेला.

सुधाकररावांना ह्याचा वास लागलाच. त्यांनी बिल्डिंगमधे नोटीस लावली, की रहिवाशांनी गच्चीवर वाळवणं घालू नयेत, शेजारून विमान उड्डाणाची शक्यता आहे. म्हणजे ज्याला भंगार म्हणाले त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने उडवलं. ते त्यांच्या तोंडावर सांगायला मी दोनदा गेले, पण दोन्ही वेळा लिफ्ट बंद होती, आणि सातव्या मजल्यापर्यंत चढून धापा टाकत अपमान करण्यात काही शोभा नसते.

वैशाखात दिल्लीच्या खात्याच्या मुंबई कचेरीतली बाई तपासणीला आली. कृतिका असं नाव, विनिताच्याच वयाची. पायांत बूट, पाठीला पिशवी, एकटीच रिक्षाने. मला वाटलं होतं चार-पाच साहेब येतील, मी दहा माणसांचे पोहे भिजवले होते. एवढ्या मोठ्या प्रश्नाला सरकारने एकच मुलगी पाठवावी, हे मला लागलंच.

ती आधी पंखांपाशी गेली. दोन्हींवर सुकेळी होती, वर मच्छरदाणीचं कापड. तिने कापड उचललं, आपला कागद बघितला, पुन्हा पंखाकडे बघितलं. म्हणाली, “शेतीसाठी म्हणजे हे?”

“मग काय, नांगराला जुंपणार होते?”

ती हसली नाही. पण कागदावर काहीतरी खोडलं, आणि खोडताना ओठ चावत होती.

मग म्हणाली, इंजिन बघते. फ्रेडरिक माझ्या मागे उभा होता. सकाळपासून त्याने तीनदा घाम पुसला होता. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही बाहेर थांबा, आत धूर होतो. ती म्हणाली, मला सवय आहे. आणि सरळ शेडीत जाऊन विमानाच्या नाकापाशी उभी राहिली. फ्रेडरिकने माझ्याकडे बघितलं. त्या माणसाचं तोंड मी कधी एवढं उतरलेलं बघितलं नव्हतं, त्याच्या भावाच्या मयतालासुद्धा. मग तो म्हणाला, मागून पेट्रोल सोडून येतो, आणि शेडीच्या मागे गेला.

आवाज सुरू झाला.

मी दारात होते. कृतिकाने इंजिनाच्या पत्र्यावर हात ठेवला होता. हात हलत नव्हता, पत्राही नाही. आवाज शेडीच्या मागून येत होता, जिथे फवारणीचा पंप असतो. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मिनिटभर आम्ही दोघी तशाच. मग आवाज थांबला आणि आत बसलेली एक कोंबडी वैमानिकाच्या खुर्चीतून उठून बाहेर गेली.

ओटीवर मी तिला पाणी दिलं, सुकेळी दिली. फ्रेडरिक आलाच नाही. ती कागद मांडीवर घेऊन बसली.

“आजी, सावेसाहेब कुठे आहेत?”

“वाडीत गेलेत.”

तिने मान हलवली. भिंतीवर लाकडी पंखा होता, त्याच्या खाली यांचा फोटो, हार घातलेला. ते तिला दिसत होतं आणि तिला दिसतंय हे मलाही दिसत होतं. इंजिनाच्या रकान्यात तिने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, “आवाज ऐकला.” एवढंच. मग पेन वर, मालकाच्या रकान्यावर नेलं, आणि तिथे थांबली. वाट बघत राहिली. मी आणखी एकदा वाडीत म्हटलं असतं तर तिने तेही लिहिलं असतं, असं मला वाटतं, आणि खाली आपली सही केली असती.

पोस्टमनशी मी जे बोलते ते माझं मी बोलते. नोकरीवरच्या मुलीला आपल्या खोट्याखाली सही करायला लावणं आमच्या घराण्यात बसत नाही.

मी म्हटलं, “लिही. तीन वर्षं होत आली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी.”

तिने लिहिलं. निघताना ती वाकून नमस्कार करायला लागली, तर मी तिला पोह्यांचा डबा दिला. दहा माणसांचे होते.

आषाढात पत्र आलं. विनिताने दोनदा वाचलं, मला एकदाच वाचून दाखवलं. मालकाचं नाव नोंदीतून वगळण्यात आलं आहे, आणि सदर वस्तू ह्यापुढे विमान समजली जाणार नाही. सुकेळीसाठी हरकत नाही, असं काही त्यात नव्हतं, पण नको असंही नव्हतं. सुधाकरराव भेटले. मी कमरेवर हात ठेवून तयार होते, त्यांनी एक शब्द काढायचा अवकाश. ते म्हणाले, “काकू, वाईट झालं.” खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. त्याने मला जेवढं लागलं तेवढं भंगार म्हटल्याने लागलं नव्हतं. आता त्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

त्या पावसाळ्यात मी शेडीचं दार उघडलं नाही.

दसरा आला. मी कोयते घासले, पहारी घासल्या, झेंडू ओवला. फ्रेडरिकची वाट बघितली. वैशाखापासून तो आमच्या अंगणात आला नव्हता. कुंपणापलीकडून नुसता हात करायचा आणि आत जायचा. शेवटी मीच ताट घेऊन कुंपणापाशी गेले. तो ओटीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणजे त्यालाही दिवस माहीत होता.

मी म्हटलं, “फ्रेडरिक, पंपात पेट्रोल घातलंस का?”

तो उठून उभा राहिला.

“वैनी, तुला कधीपासून ठाऊक?”

“पहिल्या वर्षापासून. वीस वर्षं तो पंप माझ्या केळींवर चालतोय. त्याचा आवाज मला कळणार नाही?”

“मग तू हात का जोडायचीस?”

ह्याचं उत्तर मी दिलं नाही. काही प्रश्नपत्रिकांना उत्तरं द्यायची नसतात, हे मला तोवर समजलं होतं. मी म्हटलं, चल, आरती विझेल. तो शेडीच्या मागे गेला. मी दारात उभी राहिले. त्या दिवशी मिनिटभराहून जास्त वेळ त्याने पंप चालू ठेवला.

ह्या वर्षी होळी झाली, आणि चौथ्या दिवशी दारात पोस्टमन. नवाच होता. हातात तेच पाकीट. श्री. गुरुदत्त नारायण सावे, विमान मालक. विनिता म्हणाली, असं होतं, नाव काढणारं खातं वेगळं आणि प्रश्नपत्रिका पाठवणारं वेगळं. एकाचं दुसऱ्याला कळायला दहा वर्षं लागतात. आपण उत्तर देऊन कळवलं नाही, तर त्याहून जास्त.

सुधाकरराव गेटवरून बघत होते. फ्रेडरिक कुंपणाशी येऊन उभा राहिला. दोघांनाही हवं होतं तेच, विमानवाल्यांनो, तुम्हांलाही हवं असेल, म्हणजे माझं मत.

पोस्टमनने विचारलं, “सावे आहेत का?”

मी पेन मागितलं आणि सही केली.

“वाडीत गेलेत.”